विश्लेषण : मोबाइल, ॲपच्या ‘सेटिंग’च्या सूचना सामान्यांना का समजत नाहीत?

फोनमधील एखादा पर्याय सुरू ठेवायचा की बंद, हे ठरवण्यासाठी दिलेली माहितीच कळत नसेल, तर तो पर्याय हाती असूनही नसल्यासारखाच असतो. कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची कोड-सुविधा आणि ‘यूपीआय’वरून ओळखीच्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची सोय, या दोन्ही गेल्या काही वर्षांत गैरवापरामुळे बंद कराव्या लागल्या. दोन्हींमध्ये तंत्रज्ञान नीट चालत होते. आपण नेमके काय सुरू करत आहोत, हे मात्र वापरणाऱ्याला कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगसंबंधीच्या सूचना सोप्या करण्याचा मुद्दा म्हणूनच केवळ भाषेचा नाही, तर सुरक्षिततेचाही आहे.

या दोन सुविधा बंद का झाल्या?

दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार १५ एप्रिल २०२४ पासून ‘*४०१#’ या नावाने ओळखली जाणारी कॉल फॉरवर्डिंगची यूएसएसडी सुविधा पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात आली. यूएसएसडी म्हणजे डायल पॅडवर तारा आणि हॅशचे चिन्ह असलेला कोड टाकून मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला थेट दिलेला आदेश. भामटे मोबाइल कंपनीचे कर्मचारी असल्याची बतावणी करून फोन करत. सिम कार्डात किंवा नेटवर्कमध्ये बिघाड असल्याचे सांगून ४०१ ने सुरू होणारा कोड आणि त्यापुढे एक मोबाइल क्रमांक डायल करायला लावत. तो क्रमांक भामट्याचाच असे. त्या क्षणापासून ग्राहकाला येणारे कॉल, कॉलवरून सांगितला जाणारा ओटीपीही, त्याच्याकडे जाऊ लागे.

दुसरे उदाहरण यूपीआयचे. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैसे मागण्यासाठी पाठवलेली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ आली, की अनेकांचा समज होई की पैसे येणार आहेत. पिन टाकला की प्रत्यक्षात पैसे जात. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवल्या जाणाऱ्या अशा विनंत्या बंद केल्या. दोन्ही वेळा सुविधा मुळात उपयोगी होती. पण तिचा अर्थ कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचवणे जमले नाही आणि शेवटी सुविधेलाच टाळे लावावे लागले.

‘कॉन्फिगरेशन’ आणि त्याचे दस्तावेज म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्यात काही गोष्टी आधीच ठरवलेल्या असतात. ॲपने लोकेशन वापरावे का, फोटोंचा बॅकअप कुठे जावा, घरच्या वाय-फायचा पासवर्ड काय असावा, हप्ता खात्यातून आपोआप कापला जावा का, हे पर्याय गरजेनुसार बदलणे म्हणजे कॉन्फिगरेशन. रोजच्या भाषेत ‘सेटिंग करणे’. आधीपासून निवडून ठेवलेल्या पर्यायाला ‘डीफॉल्ट’ म्हणतात.

हे पर्याय समजावणारा मजकूर म्हणजे त्याचे दस्तावेज. त्यात राउटरच्या खोक्यातील घडी घातलेला कागद येतो, ॲपमधील ‘मदत’ विभाग येतो, तसेच बटणाखालची करड्या रंगातील बारीक ओळही येते. बहुतेक वापरकर्ते पहिल्या दोन गोष्टी उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी बटणाखालची ती एक ओळ हेच संपूर्ण मार्गदर्शन असते. तीच संदिग्ध असेल तर निर्णय अंदाजाने घेतला जातो.

न कळलेल्या सूचनेची किंमत किती मोठी असू शकते?

याचे सर्वात बोलके उदाहरण २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रोग्रामचे आहे. इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि घरगुती राउटर यांना त्याने लक्ष्य केले. त्यासाठी अवघड युक्ती वापरली नव्हती. कंपन्यांनी कारखान्यातच टाकून दिलेल्या युजरनेम व पासवर्डच्या साठेक जोड्या तो एकेका उपकरणावर वापरून पाहत असे. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, किंवा ज्या उपकरणात तो बदलण्याची धड सोयच नव्हती, ती उपकरणे ताब्यात जात. अशी लाखो उपकरणे हल्लेखोरांच्या हाती लागली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या मदतीने ‘डाइन’ या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत व युरोपच्या काही भागांत तासन्‌तास विस्कळीत झाल्या.

‘पासवर्ड बदलावा’ असे वाक्य त्यातील काही उपकरणांच्या पुस्तिकेत असेलही. पण तो न बदलल्यास काय होईल आणि बदलायचा तर नेमका कुठे जाऊन, हे कळल्याशिवाय सामान्य ग्राहक ती तसदी घेत नाही. ब्रिटनने यातून धडा घेत २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सर्व उपकरणांना एकच सोपा डीफॉल्ट पासवर्ड देण्यास मनाई केली. ग्राहकाला सूचना वाचायला लावण्यापेक्षा तिची गरजच उरू नये, हा या कायद्यामागील विचार आहे.

सूचना क्लिष्ट का लिहिल्या जातात?

लिहिणाऱ्याला विषय फार चांगला माहीत असतो, हेच पहिले कारण. एखादी गोष्ट माहीत झाली की ती माहीत नसलेल्याच्या जागी स्वतःला कल्पिणे अवघड जाते. अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये याला ‘ज्ञानाचा शाप’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील, असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे घुमत असते, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. सेटिंगच्या सूचनांचे अनेकदा असेच होते.

दुसरे कारण कामाच्या क्रमात आहे. सॉफ्टवेअर तयार झाले, मुदत जवळ आली, की उरलेल्या वेळेत दस्तावेज लिहिले जातात. सॉफ्टवेअर बदलले तरी ते जुनेच राहतात. मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही पाहता व बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम बहुधा स्वयंसेवकांवर असते. ‘गिटहब’ने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के सहभागींनी अपुरे किंवा कालबाह्य दस्तावेज ही मोठी अडचण असल्याचे सांगितले. त्याच वेळी सॉफ्टवेअर घडवण्यात हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के जण दस्तावेजांसाठी क्वचितच काम करत होते किंवा अजिबात करत नव्हते. गरज सर्वांना जाणवते, पण हात थोडेच लागतात.

लोक पुस्तिका वाचतच नाहीत, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्याचे कारण आळस नव्हे. ‘आयबीएम’चे संशोधक जॉन कॅरोल यांनी १९८० च्या दशकात नव्याने संगणक शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचण्याऐवजी लोक थेट काम करून पाहतात, चुकतात आणि अडले की मग पाने चाळतात, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांना संगणक शिकायचा नसतो, पत्र टाइप करून पाठवायचे असते.

यावरून कॅरोल यांनी ‘किमान पुस्तिके’ची कल्पना मांडली. तिच्यात प्रस्तावना व सिद्धान्त कमी, प्रत्यक्ष करायचे काम आधी आणि चूक झाल्यास ती कशी ओळखायची व सुधारायची याला भरपूर जागा होती. अशी लहान पुस्तिका हाती असलेले कर्मचारी जाडजूड पुस्तिकेवर शिकणाऱ्यांपेक्षा लवकर तयार झाले. १९९० मध्ये कॅरोल यांनी हे संशोधन पुस्तकरूपात मांडले. आजचा स्मार्टफोन वापरणाराही तसाच वागतो. सूचना लिहिताना माणसाचा हा स्वभाव बदलण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तो गृहीत धरणे अधिक शहाणपणाचे.

स्पष्ट सूचना कशी असते?

घरच्या राउटरमधील ‘रिमोट मॅनेजमेंट’ हा पर्याय घेऊ. त्याखाली अनेकदा एवढेच असते : ‘रिमोट मॅनेजमेंट सक्षम करा.’ म्हणजे पर्यायाचे नावच पुन्हा सांगितले. ज्याला अर्थ माहीत आहे त्याला ही ओळ नको असते आणि ज्याला माहीत नाही त्याला तिचा उपयोग नसतो.

तीच सूचना अशी लिहिता येईल : ‘हे सुरू केल्यास तुम्ही घराबाहेर असतानाही इंटरनेटवरून या राउटरची सेटिंग बदलू शकता. मात्र पासवर्ड कळल्यास दुसरी व्यक्तीही ती बदलू शकेल. बहुतेक घरांत याची गरज नसते, म्हणून हे बंद ठेवले आहे. बंद असले तरी तुमचे इंटरनेट नेहमीसारखे चालेल.’ ही सूचना वाचायला काही सेकंद जास्त लागतात. पण तिच्यात पाच प्रश्नांची उत्तरे आहेत. हे सुरू केल्याने काय होते? धोका काय? गरज कोणाला आहे? आता काय निवडलेले आहे? आणि नाही निवडले तर काय बिघडेल?

सहावा प्रश्न बहुतेक ठिकाणी राहून जातो : हे मागे घेता येते का? चॅट ॲपच्या बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लावताना ‘तुमचे संदेश अधिक सुरक्षित होतील’ हे सांगणे पुरेसे नाही. ‘फोन हरवला आणि हा पासवर्डही विसरलात, तर जुने संदेश परत मिळणार नाहीत. ते कंपनीलाही काढून देता येणार नाहीत’, हे वाक्य बटण दाबण्याआधी दिसले पाहिजे. जे बदल उलटवता येत नाहीत, त्यांची सूचना सर्वात ठळक असायला हवी.

दस्तावेजांच्या क्षेत्रात अलीकडे रुजलेली ‘डायटॅक्सिस’ ही पद्धतही उपयोगी आहे. डॅनिएल प्रोसिडा यांनी मांडलेल्या या पद्धतीत मजकुराचे चार प्रकार केले जातात. पहिला, नवख्याला बोट धरून शिकवणारा धडा. दुसरा, एखादे काम कसे करायचे याच्या पायऱ्या. तिसरा, सर्व पर्यायांची अचूक यादी. आणि चौथा, यामागचे कारण सांगणारे विवेचन. वाचकाला पायऱ्या हव्या असताना त्याच्या हाती सर्व पर्यायांची यादी दिली की गोंधळ होतो. स्वयंपाक शिकणाऱ्याला पाककृतीऐवजी किराणा दुकानातील मालाची यादी द्यावी, तसा हा प्रकार.

मराठीत वेगळी अडचण कोणती?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. मोठ्या कंपन्यांच्या फोनमध्ये आणि अनेक ॲपमध्ये मराठीचा पर्यायही असतो. तरीही बरेच मराठी भाषक फोन इंग्रजीतच ठेवतात. ‘इनेबल’ आणि ‘डिसेबल’साठी वापरले जाणारे ‘सक्षम करा’ आणि ‘अक्षम करा’ हे शब्द पाहिले तर त्याचे कारण समजते. अर्थ अगदी उलट, पण लहान पडद्यावर फरक केवळ एका अक्षराचा. शिवाय घरात पंखा कोणी ‘अक्षम’ करत नाही, ‘बंद’ करतो. ‘सुरू करा’ आणि ‘बंद करा’ हे शब्द सर्वांच्या तोंडी असताना त्यांना डावलण्याचे कारण नाही.

उलट टोकही तेवढेच अडचणीचे. पासवर्ड, बॅकअप, ओटीपी, लॉगइन हे शब्द आता मराठीत रुळले आहेत. त्यांच्या जागी नवा घडवलेला संस्कृतप्रचुर शब्द आला तर वाचक अडखळतो. त्यातही एकाच गोष्टीला एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरा शब्द असेल, तर सूचनेत सांगितलेले बटण पडद्यावर सापडतच नाही. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी भारतीय भाषांत समान यादी असावी, या हेतूने ‘रेड हॅट’ कंपनीच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला होता. पण अनेकदा भाषांतर करणाऱ्याच्या हाती शब्दांची नुसती यादी येते, प्रत्यक्ष पडदा येत नाही. तो शब्द बटणावर आहे की शीर्षकात, आज्ञा आहे की नाम, हे त्याला कळत नाही. सूचना मुळात मराठीतच लिहिणे, किंवा भाषांतरकाराला ॲप हाताळायला देणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

कायद्याचा आधार किती?

थोडा आहे. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३’ नुसार एखाद्याची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी संमती मागताना ती मागणी स्पष्ट व सोप्या भाषेत असली पाहिजे. ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही कायदा सांगतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे.

मात्र हा कायदा वैयक्तिक माहितीपुरता आहे. राउटरचा कोणता पर्याय धोकादायक आहे किंवा हप्ता आपोआप कापण्याची परवानगी कुठे जाऊन रद्द करायची, ही माहिती सोप्या भाषेत लिहिण्याची सक्ती त्यातून होत नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने केंद्र सरकारच्या यंत्रणांना नागरिकांसाठीचा मजकूर सोपा लिहिणे बंधनकारक केले. सोप्या भाषेसाठी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आले. वाचकाला हवे ते सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे, हे त्या मानकाचे सार आहे.

हे करणे कंपन्यांना परवडेल का?

न करणे अधिक महाग पडते. प्रत्येक न कळलेली ओळ ग्राहक सेवा केंद्रात फोन होऊन परत येते किंवा तक्रार होऊन. चाचणीसाठी फार खर्चही लागत नाही. पाच सामान्य वापरकर्त्यांसमोर काम ठेवून ते कुठे अडतात हे पाहिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असे उपयोजनसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडले होते. अट एवढीच की ते पाच जण कार्यालयातील अभियंते नसावेत. औषध दुकानदार, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, नुकताच स्मार्टफोन घेतलेला शेतकरी आणि दहावीचा विद्यार्थी, असे पाच जण त्यासाठी अधिक उपयोगाचे.

तोपर्यंत वापरकर्त्याने काय करावे?

काही साध्या सवयी उपयोगी पडतात. कोणतेही सेटिंग बदलण्याआधी पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, म्हणजे पूर्वस्थितीला परतता येते. एका वेळी एकच पर्याय बदलावा. व्हिडीओ पाहून किंवा चॅटबॉटला विचारून सेटिंग करत असाल, तर सांगितलेले नाव आणि पडद्यावरचे नाव तंतोतंत जुळते का, हे पाहावे. अपडेटनंतर मेनूंची नावे व जागा बदलतात. फोनवरून कोणी कोड डायल करायला किंवा पर्याय सुरू करायला सांगत असेल, तर कॉल बंद करून कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. आपले कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे फोन ॲपच्या सेटिंगमधील ‘कॉल फॉरवर्डिंग’ या विभागात पाहता येते. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे.

सूचना समजली नाही म्हणून स्वतःला अडाणी ठरवण्याचे कारण मात्र नाही. ॲपमध्ये अभिप्राय देण्याची सोय असते. तिथे ‘ही ओळ कळली नाही’ एवढे लिहिले तरी ती ओळ लिहिणाऱ्याला आपली चूक कळू शकते.